पिकाच्या राखणीला आवाजाचं यंत्र घेताना

ज्वारी चिकात आली की भोरड्यांचे थवे उतरतात, मक्याला कणसं धरली की रानडुकरं येतात. मुळशी-मावळातली भातखाचरं, पुरंदरचे अंजीर, इंदापूर-बारामतीकडचं डाळिंब, सगळीकडे रडगाणं एकच: माळ्यावर बसून गोफण फिरवायला आणि हाळी घालायला माणूस मिळत नाही. मग आवाजाचं यंत्र घ्यायचं ठरतं. पुण्याच्या बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक सामानाच्या तपकीर गल्लीत चौकशी केली की समोरून पहिला प्रश्न येतो, "किती वॅटचं पाहिजे?" तिथूनच खरेदीची गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. मोठ्या आवाजाला जनावर दोन-चार दिवस बिचकतं आणि मग निर्ढावतं. पुढचा आवाज कधी येणार, कुठून येणार आणि कसला येणार, याचा अंदाज त्याला बांधता येऊ नये, एवढ्या एका कामासाठी यंत्र घ्यायचं असतं. बाकीचे सगळे निकष त्यानंतरचे.

ऑनलाइन शोधताना 'गेम कॉल' नावाची परदेशी यंत्रं समोर येतात. मजबूत डबा, रिमोट, कार्डावर शंभर-दोनशे आवाज. बघून मोह होतो. पण अमेरिकेत ही यंत्रं कोल्हा आणि कायोटी (तिकडचा लांडग्याच्या कुळातला प्राणी) यांना बंदुकीच्या टप्प्यात बोलावून आणायला वापरतात, त्यामुळे त्यातले बरेचसे आवाज जखमी सशाच्या किंचाळण्याचे किंवा पाडसाच्या ओरडण्याचे असतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. फास लावणं, हाकून आणणं, आमिष दाखवणं आणि तसा नुसता प्रयत्न करणं हेही कायद्याच्या व्याख्येत शिकारच ठरतं. कायदा बाजूला ठेवला तरी जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरच्या उसात बिबट्या राहतो. अशा शिवारात रात्री सशाचं किंचाळणं लावणं म्हणजे त्याला जेवायला बोलावणं. डब्यासाठी म्हणून असं यंत्र घेतलंच, तर कार्डावरचे भक्ष्याचे सगळे आवाज आधी पुसून टाका. शेळीच्या करडाचे आणि कुत्र्याच्या पिल्लाचेही पुसा.

दिवसाचं काम आणि रात्रीचं काम वेगळं आहे, हे डोक्यात ठेवूनच दुकानात जावं. पाखरं दिवसा येतात, उंचावरून येतात, थव्याने येतात. त्यांना लांबवर पोचणारा भोंगा लागतो. डुकरं रात्री बांधाच्या ठरलेल्या वाटेने येतात. त्यांना जवळून आणि अचानक आवाज यावा लागतो. एकाच यंत्राकडून दोन्ही कामं करून घ्यायला गेलं की दोन्ही अर्धवट होतात. शिवाय ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही, आणि दिवसाही तो लावायला लेखी परवानगी लागते. म्हणून भोंगा दिवसापुरता ठेवा. रात्रीसाठी घरातला रेडिओ वाजतो तेवढ्याच आवाजाचं, जनावर समोरून गेलं तरच बोलणारं छोटं यंत्र घ्या. एक मोठं घेण्यापेक्षा दोन लहान घेणं जवळजवळ नेहमीच सरस ठरतं.

आता वॅटचा हिशोब. डब्यावर '100 वॅट' छापलेलं असतं आणि आत 12 व्होल्टची बॅटरी असते. 12 व्होल्टवर आवाज मोठा करणारा ब्रिज पद्धतीचा अ‍ॅम्प 8 ओहमच्या भोंग्याला स्वच्छ आवाजात जास्तीत जास्त 9 वॅट देऊ शकतो. व्होल्टचा वर्ग, भागिले ओहमची दुप्पट: 144 भागिले 16. दोन भोंगे पॅरलल जोडून 4 ओहम केले तर मिळून 18 वॅट. याहून जास्त हवं असेल तर आत व्होल्टेज वाढवणारं सर्किट लागतं. ते आहे का, असं सरळ विचारा. विक्रेता गोंधळला तर छापलेला आकडा विसरून जा.

गंमत म्हणजे 9 वॅट पुष्कळ झाले. साधारण भोंगा 1 वॅटला 1 मीटरवर 105 ते 110 डेसिबल देतो. 107 धरले तर 9 वॅटला 116 च्या आसपास. अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल कमी होतात, म्हणजे 100 मीटरवर 76 आणि 200 मीटरवर 70. वारा आणि उभं पीक यातून आणखी थोडे खातात. एका एकराची चौकोनी बाजू साधारण 64 मीटर येते, त्यामुळे दोन-तीन एकरांना एवढा आवाज भरपूर होतो. वॅट दुप्पट केले तर फक्त 3 डेसिबल वाढतात, कानाला जेमतेम कळतील इतकेच. बॅटरी मात्र दुप्पट वेगाने उतरते. पाच एकरांचा तुकडा असेल तर एका टोकाला मोठा भोंगा लावण्यापेक्षा दोन टोकांना दोन लहान यंत्रं आळीपाळीने वाजू द्या.

भोंगा घेताना मागचं लेबल वाचा. सभा-समारंभाच्या भोंग्यांत बऱ्याचदा 100 व्होल्ट लाइनचा ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो. तो तसाच छोट्या अ‍ॅम्पला जोडला की आवाज मेलेल्यासारखा येतो आणि यंत्रच खराब आहे असं वाटतं. थेट 8 किंवा 16 ओहमचं युनिट, म्हणजे भोंग्यामागचा आवाज काढणारा भाग, मागा. वायरही मोजून घ्या. यंत्रापासून भोंगा 50 मीटरवर असेल आणि पाऊण स्क्वेअरची (म्हणजे पाऊण चौरस मिलिमीटर जाडीची) वायर टाकली, तर 8 ओहमच्या युनिटपर्यंत निम्म्याहून थोडीच जास्त ताकद पोचते. दीड स्क्वेअरने तीन चतुर्थांश पोचते. सगळ्यात बरं म्हणजे डबा भोंग्याच्याच खांबावर बांधायचा आणि लांब वायरचा प्रश्नच मिटवायचा. लांब वायर उंदीर कुरतडतात आणि चोरही नेतात.

अल्ट्रासाउंडच्या, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या डब्या शेतासाठी घेऊ नका. पाखरांना 20 किलोहर्ट्झच्या वरचं ऐकूच येत नाही. डुकराला 40 किलोहर्ट्झच्या आसपासपर्यंत ऐकू येतं हे खरं, पण तो आवाज हवेत झपाट्याने विरतो आणि चार पानं आडवी आली तरी अडतो. उघड्या रानात त्याचा उपयोग नाही.

यंत्रात कोणते आवाज भरायचे, इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात आणि इथेच थोड्या मेहनतीने सगळ्यात जास्त फायदाही होतो. विकत मिळणाऱ्या कार्डावर हमखास वाघाची डरकाळी असते. भोंगा साधारण 300-400 हर्ट्झच्या खालचा आवाज देतच नाही आणि डरकाळीचा सगळा दम त्या खालच्या पट्टीत असतो. त्यामुळे भोंग्यातून वाघ येतो तो घसा बसलेल्या माणसाच्या खोकल्यासारखा. आपल्याकडच्या डुकराने वाघ ऐकलेलाही नसतो. बिबट्याचा करवतीसारखा आवाज लावला तर डुकराआधी वस्तीवरची माणसं घाबरतात, अफवा उठते आणि वनखात्याची गाडी येऊन उभी राहते. कुत्र्याचं भुंकणं भोंग्यातून उत्तम येतं, पण कुत्रा हे बिबट्याचं खाणं आहे. बिबट्याच्या तालुक्यांत ते रात्री नकोच.

माणसाचं बोलणं हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित आवाज. दक्षिण आफ्रिकेत क्रूगर राष्ट्रीय उद्यानात पाणवठ्यांवर केलेला एक अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. सिंहाच्या गुरगुरण्यापेक्षा माणसांच्या साध्या बोलण्याला प्राणी जास्त वेळा पळाले, असं त्यात दिसलं. आपली रानडुकरं माणसांच्या जवळ राहतात, दिवसा बोलणं ऐकतातच. म्हणून खुबी अशी की बोलणं अवेळी आणि अगदी जवळून यावं. रात्री दीड वाजता बांधावरून दोन माणसं हलक्या आवाजात बोलत असल्यासारखं.

हे आवाज घरीच तयार होतात. फोन तोंडापासून हात-दीड हातावर, वारा नसताना, बंद खोलीपेक्षा अंगणात. वेगवेगळ्या माणसांकडून बोलून घ्या: पुरुष, बाई, म्हातारं माणूस. "हाऽऽ हुऽऽ", "अरे तिकडं बघ", खाकरणं, पत्र्याचा डबा बडवणं, गोफणीचा फटका, ट्रॅक्टर सुरू होण्याचा आवाज, लोखंडी टॉमी (पहार) फरशीवर आपटणं. प्रत्येक तुकडा 5 ते 20 सेकंदांचा. ऑडॅसिटी हा फुकटचा प्रोग्रॅम संगणकावर टाकून प्रत्येक तुकड्यातला 300 हर्ट्झच्या खालचा भाग काढून टाका. भोंगा तो वाजवू शकत नाही आणि तो वाजवायला जाऊनच युनिटचा पडदा फाटतो. मग आवाजाची उंची उणे 3 डेसिबलवर आणून ठेवा, म्हणजे फरफर येणार नाही. निदान 20 तुकडे हवेत. कार्ड 32 जीबी किंवा त्याहून लहान घ्या आणि फॅट 32 मध्ये फॉरमॅट करा. मोठी कार्डं स्वस्तातली यंत्रं वाचतच नाहीत आणि त्यावरून दुकानदाराशी भांडणं होतात.

पाखरांसाठी त्याच जातीच्या पाखराचा संकटातला आवाज सगळ्यांत टिकाऊ ठरतो. पोपटाला पोपटाचाच, भोरडीला भोरडीचाच. कार्डावर नुसतं 'बर्ड साउंड' लिहिलेलं असेल तर वाजवून बघा. बऱ्याचदा ते कुठल्या तरी परदेशी पाखराचं गाणं असतं आणि आपली पाखरं ते ऐकत दाणे टिपत बसतात. पाखरांच्या यंत्राला सेन्सर नको, घड्याळ हवं. सकाळी उजाडल्यापासून साधारण 10 पर्यंत आणि दुपारी 4 पासून अंधार पडेपर्यंत. थवा उतरण्याआधी आवाज यावा लागतो. एकदा कणसावर बसून चोच भरली की उठवणं अवघड. अंजीर, द्राक्षांसारख्या महाग मालाला जाळीइतका भरवसा कुठल्याही यंत्राचा नाही. जाळीचा खर्च झेपत असेल तर यंत्राच्या नादाला लागूच नका.

यंत्रावर 'रँडम' लिहिलेलं असतं त्याची परीक्षा दुकानात होत नाही, घरी होते. यंत्र सुरू करून वही-पेन घेऊन एक तास बसा. प्रत्येक आवाजाची वेळ आणि कोणता आवाज आला ते लिहा. 10 मिनिटं, 10 मिनिटं, 10 मिनिटं असं आलं तर त्याने फक्त आवाजांचा क्रम पिसला आहे, मधला वेळ ठरलेलाच आहे. ते परत करा. 2, 11, 5, 17 असं काहीतरी यायला हवं. दुसरी परीक्षा: बॅटरीची वायर काढून पुन्हा लावा. घड्याळ 12 वर गेलं तर आत स्वतंत्र सेल नाही. एके दिवशी बॅटरी उतरेल, घड्याळ चुकेल आणि पोपटाचा भोंगा पहाटे 3 ला सुरू होईल. शेजारच्या वस्तीवरचं भांडण ठरलेलं.

डुकरांच्या यंत्राचा सेन्सर अंगातली उष्णता ओळखणारा, म्हणजे पीआयआर असतो. पत्रकात काहीही लिहिलेलं असो, शेतात 8 ते 12 मीटरच धरून चाला. तो आडवी हालचाल चांगली पकडतो, सरळ अंगावर येणारं जनावर उशिरा पकडतो. म्हणून खांब वाटेच्या तोंडाशी लावू नका. वाटेच्या बाजूला, वाट सेन्सरसमोरून आडवी जाईल असा लावा. उंची गुडघ्याच्या जरा वर, 60 ते 80 सेंटीमीटर. छातीएवढ्या उंचीवर लावला की डुक्कर खालून निघून जातं आणि रात्रभर यंत्र गप्प. समोरची पानं दोन मीटरपर्यंत छाटा, नाहीतर हलणाऱ्या पानावरच ते दर मिनिटाला बोलत राहील आणि आठवड्यात डुकरांना पाठ होईल. काचेवर कोळी जाळं विणतो, दर चार दिवसांनी फडक्याने पुसा. रडारच्या तत्त्वावरचे छोटे सेन्सर स्वस्त असतात, पण वाऱ्याने हलणाऱ्या पिकाला आणि पावसालाही प्रतिसाद देतात. उभ्या पिकात ते नकोत. आवाजाबरोबर एक झगमगता दिवाही लागत असेल तर उत्तम, पण दिवा रस्त्याच्या किंवा वस्तीच्या दिशेने नको.

बॅटरीचा हिशोब बहुतेकजण उलटा करतात. आवाज किती खातो ते बघतात, गप्प बसलेलं यंत्र किती खातं ते बघत नाहीत. दर 5 मिनिटांनी सरासरी 20 सेकंद, असं 10 तास वाजलं तर एकूण वाजणं 40 मिनिटं. 15 वॅट धरले तर 10 वॅट-तास झाले. आणि गप्प असताना यंत्र 50 मिलिअँपिअर ओढत असेल तर 24 तासांचे 14 वॅट-तास! गप्प बसूनच जास्त खाल्लं. विकत घेण्याआधी मल्टिमीटर मालिकेत लावून हा आकडा बघायला सांगा. 20 मिलिअँपिअरच्या आत असेल तर यंत्र नीट विचार करून बनवलेलं आहे.

दिवसाला 25 वॅट-तास धरू. 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची साधी लेड बॅटरी 84 वॅट-तासांची, पण टिकवायची तर निम्मीच वापरायची. दीड दिवस झाला की संपली. लिथियम फॉस्फेटची 12 अँपिअर-अवर घेतली तर सूर्य न दिसताही चार-पाच दिवस निघतात. महाग पडते, पण वजनाला हलकी असल्याने यंत्र हलवायला सोपं जातं, आणि यंत्र हलवणं हेच तर काम आहे. तिच्यासाठी चार्ज कंट्रोलर लिथियमचाच हवा, लेड बॅटरीचा चालत नाही. 10 वॅटची सोलर प्लेट उन्हाळ्यात जेमतेम पुरते, म्हणून 20 ची घ्या. मुळशी, भोर, मावळच्या पावसात 40 लागते. तोंड दक्षिणेला आणि तिरपेपणा 18-20 अंश, पुण्याचा अक्षांश तेवढाच आहे. डबा आयपी 65 दर्जाचा, म्हणजे धूळ-पाणी आत न घेणारा हवा आणि वायरची भोकं खालच्या बाजूला. भोंग्याचं तोंड किंचित खाली झुकवा, नाहीतर पहिल्या वळवाच्या सरीतच युनिटमध्ये पाणी बसतं.

शेतात लावताना पिकाच्या आत जाऊ नका, बांधावर लावा. जनावर पिकात शिरण्याआधी बिचकलं पाहिजे. आदल्या दिवशी बांधाभोवती फिरून खुरांच्या खुणा, उकरलेली माती, कुंपणाखालची भोकं शोधा. यंत्र तिथेच. भोंग्याची दिशा वस्तीपासून उलटी. दर तीन-चार दिवसांनी जागा बदला, चार-पाच ढांगा नाही, निदान 30-40 मीटर. दर आठवड्याला कार्डावरचे निम्मे तुकडे बदला. यासाठी दोन कार्डं आधीच भरून ठेवली की काम दोन मिनिटांचं होतं.

कधी सुरू करायचं, यात घाई आणि उशीर दोन्ही नडतात. पेरणीपासूनच वाजवत बसलं तर कणीस भरेपर्यंत सगळ्यांना सवय झालेली असते. एकदा चव लागली, जनावर सोकावलं, की मग काहीही लावा, ते येणारच. ज्वारीचा दाणा चिकात यायच्या दोन-तीन दिवस आधी, मक्याला तुरा येऊन कणसं दिसू लागली की, भुईमुगाच्या शेंगा भरू लागल्या की सुरू करा आणि काढणी झाली त्याच दिवशी बंद करा. यंत्र बोलत असताना डुक्कर शांतपणे खाताना दिसलं, तर ते त्याच रात्री बंद करा. आवाजाने काही होत नाही हा धडा ते तिथे बसून गिरवत असतं. चार-पाच दिवस यंत्र गप्प ठेवा, त्या रात्री माणसाने फेरी मारावी, मग नवी जागा आणि पूर्ण नवे आवाज. तरीही नाही जमलं तर सौर झटका कुंपणाकडे वळा. घरातली 230 व्होल्टची लाइन कुंपणात सोडण्याचा विचारही नको. ते बेकायदा आहे आणि त्यात माणसं मरतात.

यंत्राचा उपयोग बिबट्याला पळवायला करू नका. तो उसातून कुठल्या बाजूला निघेल हे कोणालाच सांगता येत नाही आणि त्या बाजूला ऊसतोड मजुरांची खोपटी असू शकतात. बिबट्या दिसला तर वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

हंगाम संपल्यावर भोंग्याच्या तोंडाला कापड बांधा, नाहीतर गांधीलमाशी आत घर करते. लेड बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवा आणि दर दोन महिन्यांनी पुन्हा चार्ज करा. लिथियमची निम्मी भरलेली ठेवली तरी चालते, फक्त यंत्रापासून वायर काढून ठेवा. ते 50 मिलिअँपिअर गोठ्यातल्या फळीवरही ओढले जात असतातच.